सन्मानाची पंगत

प्रास्ताविक

‘पुरस्कार’ हा शब्द आपण नेहमी ऐकतो. ‘पुरस्’ म्हणजे पुढे आणि ‘कृ’ म्हणजे करणे. एखाद्याला सर्वांच्या पुढे आणणे, त्याच्याकडे लोकांचे लक्ष वेधणे, असा या शब्दाचा मूळ भाव आहे. म्हणजेच पुरस्काराची रक्कम, शाल किंवा मानपत्र या गोष्टी गौण होत. आजवर मागे राहिलेले पुढे येते, हे खरे महत्त्वाचे.

समाजात काही माणसे अशी असतात, की त्यांना कोणी पुढे येऊच देत नाही. तृतीयपंथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्ती त्यांपैकी होत. जन्माच्या वेळी शरीरावरून मुलगा किंवा मुलगी असे ठरवले जाते. परंतु वाढत्या वयात काहींना आपली खरी ओळख त्याहून निराळी असल्याचे जाणवते. अशा व्यक्तींसाठी अलीकडे ‘पारलिंगी’ हाही शब्द वापरला जातो. त्यांच्या लेखनासाठी जगात काही ठिकाणी स्वतंत्र साहित्य पुरस्कार दिले जातात. असे पुरस्कार का निर्माण झाले, ते कसे दिले जातात आणि त्यांविषयी मतभेद कोणते आहेत, याचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

जबलपूर परिसरातील एक घटना

विषय साहित्याचा असला, तरी त्याचा आरंभ आपण नर्मदेकाठच्या जबलपूर शहरापासून करू. या शहराचा मराठी माणसाशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे मराठ्यांचा अंमल होता. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ हे एकाच प्रांताचे भाग होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाल्यावर मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले.

१९९९-२००० च्या सुमारास याच परिसरात काही अपूर्व घटना घडल्या. जबलपूर महानगरपालिकेत हिराबाई ही तृतीयपंथी व्यक्ती नगरसेवकपदी निवडून आली. जवळच्या कटनी शहरात कमला जान महापौर झाल्या. २००० मध्ये सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी विधानसभेवर निवडून गेल्या आणि देशातील पहिल्या तृतीयपंथी आमदार ठरल्या. ज्यांना लोक केवळ बारशाच्या आणि लग्नाच्या दारात पाहत होते, त्यांना त्याच लोकांनी मते देऊन सभागृहात पाठवले.

कटनीचे महापौरपद मात्र स्त्रियांसाठी राखीव होते. कमला जान यांच्या निवडीला न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्या स्वतःला स्त्री मानत होत्या. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या पुरुष आहेत, म्हणून स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पदावर त्यांना राहता येणार नाही, असा निर्णय झाला आणि २००३ मध्ये मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मतदारांनी दिलेले पद असे गेले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ‘मी कोण आहे’ हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? त्या व्यक्तीचा, समाजाचा की न्यायालयाचा? या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी एक उत्तर दिले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केलेल्या याचिकेवर न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असे त्या निकालात म्हटले होते. कटनीच्या निकालानंतर अकरा वर्षांनी हे घडले. ‘मी कोण आहे’ हे स्वतःच्या शब्दांत सांगणे, हाच साहित्याचाही गाभा नव्हे काय?

नोंदवहीपासून आत्मकथनापर्यंत

तृतीयपंथीयांचा उल्लेख आपल्या साहित्यात प्राचीन काळापासून आहे. महाभारतातील शिखंडी आणि बृहन्नडेच्या रूपातील अर्जुन आपल्याला ठाऊक आहेत. परंतु या व्यक्तिरेखांविषयी इतरांनी लिहिले. त्यांनी स्वतः काही लिहिल्याचे दिसत नाही. इंग्रजी राजवटीत तर लेखन हेच त्यांच्या दडपणुकीचे साधन झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर भारतातील काही भागांत या समाजाच्या नावांची नोंद ठेवण्याची तरतूद केली. त्यांच्याविषयी लिहिणारा हात होता, पण तो पोलिसांचा होता.

हा हात बदलायला दीर्घ काळ लागला. बंगालमध्ये मानबी बंदोपाध्याय यांनी १९९५ मध्ये ‘अब-मानब’ नावाचे नियतकालिक सुरू केले. या शब्दाचा अर्थ माणसाहून हीन लेखलेला, असा होतो. समाजाने ज्या दृष्टीने पाहिले, तीच त्यांनी नियतकालिकाच्या नावात समाजापुढे ठेवली. पुढे २०१५ मध्ये त्या कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. तमिळमध्ये ए. रेवती यांनी आपल्या समाजातील व्यक्तींच्या जीवनकथा गोळा करून २००४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यानंतर त्यांचे आत्मकथन २०१० मध्ये इंग्रजी अनुवादातून देशभर पोचले.

मराठीत २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तोच त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला. वैशाली रोडे यांनी या आत्मकथनाचे शब्दांकन केले आहे. २०१५ मध्ये ते इंग्रजीत अनुवादित झाले. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा मराठी काव्यसंग्रहही याच वाटेवरचा आहे.

अशा लेखनाची वाट किती अवघड आहे, हे एका आकडेवारीवरून कळते. २०११ च्या जनगणनेत स्त्री किंवा पुरुष याऐवजी ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील ४०,८९१ महाराष्ट्रातील आणि २९,५९७ मध्यप्रदेशातील होत्या. या गटातील साक्षरता सुमारे ५६ टक्के आढळली. त्याच वेळी देशाची साक्षरता ७० टक्क्यांहून अधिक होती. शाळेत होणारी टिंगल, घरातून तुटलेला आधार आणि लहान वयात सुरू झालेली पोटापाण्याची धडपड यांमुळे त्यांच्यापैकी अनेकांची शाळा अर्ध्यावर सुटते. शाळा सुटणे म्हणजे काय, हे या पाठाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. ज्याच्या हातून पाटी सुटली, त्याच्या हाती लेखणी येण्यास किती बळ लागत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पुरस्कार कसा दिला जातो?

साहित्य पुरस्कार देण्याची एक सर्वसाधारण पद्धत असते. प्रथम संस्था नियम ठरवते. कोणत्या काळात प्रसिद्ध झालेली पुस्तके विचारात घ्यायची, कोणत्या भाषेतील आणि कोणत्या प्रकारातील, हे त्यात नमूद असते. त्यानंतर लेखक, प्रकाशक किंवा जाणकार पुस्तके सुचवतात. त्यांतून निवडक पुस्तकांची यादी तयार होते. शेवटी परीक्षक मंडळ एका पुस्तकाची निवड करते. आपल्या देशातील साहित्य अकादमी याच रीतीने २४ भाषांतील साहित्यकृतींना दरवर्षी पुरस्कार देते.

लिंगभावाशी संबंधित लेखनासाठी अमेरिकेत काही स्वतंत्र पुरस्कार निर्माण झाले. तेथे लॅम्डा साहित्य पुरस्कार १९८९ पासून दिले जातात आणि पुढे त्यांत पारलिंगी साहित्याचा विभाग आला. न्यूयॉर्कमधील पब्लिशिंग ट्रँगल या संस्थेने २०१६ पासून पारलिंगी आणि रूढ लिंगभेदात न बसणाऱ्या व्यक्तींच्या जीवनाविषयीच्या साहित्यासाठी पुरस्कार सुरू केला. कथा, कविता, आत्मकथन अशा कोणत्याही प्रकारातील पुस्तक त्यासाठी पात्र ठरते. भारतात २०२३ मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांविषयीच्या साहित्यासाठी व पत्रकारितेसाठी ‘रेनबो पुरस्कार’ सुरू झाले.

आणखी एका पुरस्काराची कथा उद्बोधक आहे. अमेरिकेत ॲलिस शेल्डन नावाची लेखिका ‘जेम्स टिप्ट्री’ या पुरुषी नावाने विज्ञानकथा लिहीत असे. अनेक वर्षे वाचकांना हे लेखन पुरुषाचेच वाटत होते. लिंगभावाविषयी नवा विचार मांडणाऱ्या विज्ञानकथांना १९९१ पासून तिच्या टोपणनावाने पुरस्कार देण्यात येऊ लागला. २०१९ मध्ये त्याचे नाव बदलून ‘अदरवाइज’ म्हणजे ‘निराळे’ असे करण्यात आले. या पुरस्कारासाठी निधी जमवताना चाहत्यांनी घरी केलेले केक आणि बिस्किटे विकली. पुरस्काराला मोठे भांडवलच लागते असे नाही. वाचकांची आस्था असली, तर तोही उभा राहतो.

वेगळी पंगत कशासाठी?

आपल्याकडे पंगतीला मोठा अर्थ आहे. कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसतो, यावरून समाजातील उच्चनीचता कळे. एखाद्याला वेगळ्या पंगतीत बसवणे हा त्याचा अपमान समजला जाई. मग एका समाजाच्या साहित्यासाठी वेगळा पुरस्कार ठेवणे ही वेगळी पंगत नव्हे काय? हा आक्षेप महत्त्वाचा आहे. चांगले साहित्य हे चांगले साहित्य. लिहिणाऱ्याची ओळख विचारण्याचे कारणच काय, असे काही जण म्हणतात. वेगळा पुरस्कार दिला, की मुख्य पुरस्कारांचे परीक्षक आपली जबाबदारी संपली असे मानतील, ही भीतीही निराधार नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मुख्य पंगतीत ज्याच्यासाठी पानच मांडलेले नाही, त्याला ‘पंगत सर्वांची आहे’ असे सांगून काय उपयोग? प्रकाशक पुस्तक स्वीकारत नाही, ग्रंथालय ते विकत घेत नाही, समीक्षक त्याची दखल घेत नाही. मग ते पुस्तक परीक्षकांच्या टेबलापर्यंत पोचणार तरी कसे? स्वतंत्र पुरस्कारामुळे निदान पुस्तकांची यादी तयार होते. वाचकाला नावे कळतात, प्रकाशकाला धीर येतो आणि कोपऱ्यात बसून लिहिणाऱ्या एखाद्या मुलाला वा मुलीला आपण एकटे नाही, हे समजते.

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नाही. दलित साहित्य ही संज्ञा रूढ होत असताना ‘साहित्याला जात कशाला?’ असा प्रश्न विचारला गेला होता. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर आलेल्या आत्मकथनांनी संपूर्ण मराठी साहित्याचे अनुभवविश्व विस्तारले. वेगळे नाव घेऊन आलेला प्रवाह मूळ नदीला मोठी करून गेला.

दुसरा प्रश्न आहे तो ‘विषयी’ लिहिणे आणि ‘स्वतः’ लिहिणे यांतील फरकाचा. हिंदी लेखिका चित्रा मुद्गल यांच्या ‘पोस्ट बॉक्स नं. २०३ - नाला सोपारा’ या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरापासून तोडल्या गेलेल्या मुलाने आईला लिहिलेल्या पत्रांतून ही कादंबरी उलगडते. मराठीत राजन गवस यांनी आपल्या कादंबऱ्यांतून यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्यांचे दुःख मांडले. त्यावर आधारित ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये गाजला. या लेखकांची सहानुभूती सच्ची आहे आणि तिचे मोल मोठे आहे. तरीही सहानुभूती आणि स्वानुभूती यांत अंतर राहते. जुलै २०१८ मध्ये साहित्य अकादमीने कोलकात्यात तृतीयपंथी कवींचे संमेलन भरवले, तेव्हा त्या अंतराची दखल घेतली गेली असे म्हणता येईल. एकाच वर्षात एका कादंबरीने त्यांच्याविषयी सांगितले आणि एका व्यासपीठावरून ते स्वतः बोलले. साहित्याला दोन्हींची गरज आहे. मात्र पहिल्याने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

तिसरा प्रश्न लेखकपणाचा आहे. ज्याला लिहिता येत नाही अशा व्यक्तीने आपली कथा सांगितली आणि दुसऱ्याने ती कागदावर उतरवली, तर ते पुस्तक कोणाचे? ज्या समाजातील पुष्कळ लोक शिक्षणापासून दूर राहिले, तेथे हा प्रश्न वारंवार येणार. जगणे एकाचे आणि अक्षर दुसऱ्याचे असेल, तर सन्मानही दोघांचा असावा. पण जगणाऱ्याचे नाव आधी यावे, हे न्यायाला धरून आहे.

चौथा प्रश्न आपल्याला पुन्हा कटनीकडे नेतो. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठी एक प्रतिष्ठित पुरस्कार दिला जातो. २०२१ मध्ये टॉरी पीटर्स या पारलिंगी लेखिकेची कादंबरी त्याच्या प्राथमिक यादीत आली, तेव्हा काहींनी विरोध केला. संयोजकांनी त्या वेळी आपल्या निवडीचे समर्थन केले. महापौरपदाची राखीव जागा असो वा स्त्रियांसाठीचा पुरस्कार असो, प्रश्न एकच होता: ‘स्त्री’ या शब्दाच्या कक्षेत कोण येते? कटनीत न्यायालयाने दार बंद केले, लंडनमध्ये संयोजकांनी ते उघडे ठेवले. पंगत कोणाची, हे ठरवणाऱ्याच्या हातीच पुष्कळ काही असते, हे या दोन घटनांवरून लक्षात येते.

आणि कधीकधी वेगळ्या पंगतीची गरजही भासत नाही. कर्नाटकातील जोगती कलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान लोककलेसाठी होता आणि इतर कलावंतांच्या ओळीत उभे राहूनच त्यांनी तो स्वीकारला. स्वतंत्र पुरस्काराचे अंतिम ध्येय हेच असले पाहिजे. वेगळी पंगत ही ओसरीसारखी असावी. तिथून माजघरात जाता यावे. आयुष्यभर तिथेच बसून राहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

मराठी भाषेपुढील प्रश्न

या विषयाचा आपल्या भाषेशी एक सूक्ष्म संबंध आहे. इंग्रजीत किंवा बंगालीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ असा भेद नाही. तमिळमध्येही प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत मात्र ‘मी’ म्हणताच पुढचे क्रियापद आपली ओळख उघड करते. ‘मी येतो’ म्हणावे की ‘मी येते’? आपल्यापैकी बहुतेकांना याचा विचारही करावा लागत नाही. परंतु ज्या व्यक्तीला लहानपणी ‘येतो’ म्हणायला शिकवले गेले आणि मनातून मात्र ‘येते’ असेच उमटत राहिले, तिच्यासाठी प्रत्येक वाक्य ही परीक्षा असते. अशी व्यक्ती मराठीत आत्मकथन लिहिते, तेव्हा ‘गेलो’चे ‘गेले’ कोणत्या वळणावर करायचे, हा तिच्यासाठी केवळ व्याकरणाचा प्रश्न नसतो. तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय त्या एका मात्रेत सामावलेला असतो. हे पुस्तक इंग्रजीत गेले, की ही मात्रा हरवते. म्हणूनच अशा लेखनाचे मोल करणारे परीक्षक त्या त्या भाषेचे मर्म जाणणारे असावे लागतात आणि मराठीतील लेखनाला मराठीतच दाद मिळावी लागते.

व्याकरणात आपल्याकडे तीन लिंगे आहेत. ‘ते पुस्तक’, ‘ते झाड’ असे आपण सहज म्हणतो. पण माणसाला ‘ते’ या नपुंसकलिंगी रूपाने संबोधले, की त्यात तुच्छता येते. त्याउलट आदरार्थी ‘ते’ आणि ‘त्या’ वापरले, की तोच शब्द मान देतो. कोणते रूप वापरावे, असा संभ्रम पडल्यास त्या व्यक्तीला नम्रपणे विचारावे. आणि तिने सांगितलेले रूप वापरावे. शिष्टाचाराचा हा धडा कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाहून मोठा आहे.

समारोप

पुरस्काराने साहित्य निर्माण होत नाही. ते निर्माण होते अनुभवातून, वाचनातून आणि लिहिण्याच्या धैर्यातून. पुरस्कार इतकेच करतो, की मागे राहिलेल्याला पुढे आणतो. पोलिसांच्या नोंदवहीत ज्यांची नावे दुसऱ्याने लिहिली, त्यांनी आपली नावे स्वतःच्या पुस्तकांवर छापली, हा प्रवास कोणत्याही मानचिन्हापेक्षा मोठा आहे.

आपल्या भाषेतील एक गोष्ट शेवटी लक्षात घेण्याजोगी आहे. वर्तमानकाळात ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिते’ हे दोन निराळे होतात. भविष्यकाळात मात्र स्त्री, पुरुष, तृतीयपंथी सारे एकच वाक्य उच्चारतात: ‘मी लिहीन.’ शिक्षण अर्ध्यावर सुटून पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या प्रत्येकाचेही तेच वाक्य आहे.

शब्दार्थ

लिंगभाव – स्त्री किंवा पुरुष असण्याविषयीची सामाजिक व मानसिक जाणीव
शब्दांकन – दुसऱ्याने सांगितलेले लेखनरूपात उतरवणे
स्वानुभूती – स्वतः घेतलेला अनुभव
ओसरी – घराच्या पुढील पडवी
माजघर – घरातील मधला मुख्य भाग

स्वाध्याय

१. ‘पुरस्कार’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगून तो या पाठाला कसा लागू पडतो, ते लिहा.
२. कटनीचे महापौरपद आणि ब्रिटनमधील स्त्रियांचा पुरस्कार या दोन प्रसंगांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
३. ‘वेगळी पंगत ही ओसरीसारखी असावी’, या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.
४. पुढील वाक्यांपैकी कोणत्या वाक्यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, ते ओळखा : (अ) मी शाळेत गेले. (आ) मी पत्र वाचले. (इ) मी उद्या येईन. (ई) मी रोज लिहितो.
५. तुमच्या परिसरातील ज्यांचे अनुभव अद्याप कोणी लिहिलेले नाहीत, अशा एका व्यक्तीशी बोला. तिच्या संमतीने, तिच्याच शब्दांत दहा ओळी लिहा आणि त्या तिला वाचून दाखवा.